एका हाताचा उतारा

आईचा फोन सकाळी आला की मी आजही आधी भिंतीला टेकते, मग उचलते. दुपारी आला तर काही वाटत नाही. दुपारी ती कुणाच्या तरी साखरपुड्याचं, नाहीतर मांजरीनं दूध सांडल्याचं सांगते. सकाळी भट्टीवर नुसती घाई असते, त्या वेळी तिनं फोन हातात धरला म्हणजे काहीतरी बिनसलेलंच असतं. त्या दिवशी मी वडवणीत माझ्या शिलाईच्या दुकानाचं शटर वर करत होते, तेवढ्यात फोन वाजला.

"आक्का," आई दबक्या आवाजात म्हणाली, "अण्णाचा पाय घसटतोय."

"घसटतोय म्हंजे?"

"चालताना उजवी चप्पल घसटती. परवापून. इचारलं तर म्हन्तेत, चप्पलच ढिली हाय."

"बीपीची गोळी घेतेत का रोज?"

आईनं एकदम म्हशीचं काढलं. तिथंच मला कळलं. महिन्याचं पाकीट दोन महिने पुरवायची अण्णांची, माझ्या वडलांची, जुनी खोड. एक दिवस गोळी, एक दिवस खाडा. रोज खाल्ली की अंगाला सवय लागते, असं त्यांचं शास्त्र. त्या शास्त्रापायी मी किती वेळा भांडले असेन त्यांच्याशी! मी शटर परत खाली ओढलं, मेडिकलमधून गोळ्यांची दोन पाकिटं घेतली आणि बीडची गाडी धरली. नवऱ्याला फोनवर सांगितलं, चार दिवसांनी येते. तो म्हणाला, एवढं काय झालंय? मी म्हटलं, झालं काही नाही म्हणून तर चाललेय, झाल्यावर जाऊन काय दिवे लावू?

आमचं गाव चौसाळ्याच्या वरच्या अंगाला, डोंगरात. जमीन खडकाळ, पण म्हशी चांगल्या. दूध शहरात न्यायची सोय नव्हती तेव्हापासून ते आटवून खवा करायचा आणि खवा पाठवायचा, ही इकडची रीत. अण्णांनी उभी हयात खव्याची भट्टी चालवली. आमची शिक्षणं, माझं लग्न, धाकट्या भावाचं घर, सगळं त्या एका भट्टीवर झालं.

आमच्याकडं दर दहा दिवसांनी उतारा निघतो. म्हणजे दूध घालणाऱ्या प्रत्येकाचं अर्धा लिटर दूध त्याच्या डोळ्यांदेखत वेगळं आटवायचं, खवा झाला की काट्यावर ठेवायचा. जेवढा भरला तेवढा त्याचा उतारा. पुढचे दहा दिवस त्यावरच त्याच्या दुधाचा भाव. यात सगळा खेळ हाताचा. खवा जरा ओला असताना उतरवला तर वजन वाढतं, जास्त कोरडा केला तर घटतं. म्हणून नियम असा, की उताऱ्याला पहिल्यापासून शेवटपर्यंत एकच माणूस बसणार. तो मधे उठला तर झालेले सगळे उतारे रद्द, पहिल्यापासून परत. सगळ्यांना एकच हात. अण्णांच्या हातावर कधी कुणी बोट ठेवलं नव्हतं. एकदा माझ्या सख्ख्या मामाचा उतारा कमी निघाला, तो रुसून दोन दिवाळ्या आमच्या दारात आला नाही. आईनं किती विनवलं, पण अण्णांच्या तोंडून "बरं, धरू थोडा जास्त" काही निघालं नाही.

पण ते दिवस वेगळे होते. आता गावात पाराजवळ दूध संकलन केंद्र झालं होतं. तिथं मशीन मिनिटात फॅट सांगतं, चिठ्ठी बाहेर येते. आमच्याकडं दूध घालणारे तीसच्या वर होते, ते अकरावर आले. शहरातल्या व्यापाऱ्यानं दोनदा माल परत पाठवला. भावानं मोटारीवर उलथणं फिरतं अशी एक मोठी कढई आणून ठेवली होती, ती वर्षभर ताडपत्रीखाली पडून होती. अण्णा म्हणायचे, "ते फिरतं रे, पन बगतं का?" एकदा भाऊ चिडून बोलून गेला, "अण्णा, तुमच्यानंतर कोन बगनार हाय?" तेव्हापासून तो 'तुमच्यानंतर' हा शब्द घरात येऊन बसला होता. कुणी तो परत उच्चारला नाही, पण मी माहेरी गेले की मला तो प्रत्येक खोलीत ऐकू यायचा.

मी पोचले तेव्हा दिवस कलला होता. अण्णा न्हाणीतून पाय धुऊन येत होते आणि मी त्यांच्या उजव्या पायाकडं टक लावून पाहत होते. घसटत होता. चांगला घसटत होता. पायात चप्पल नव्हती तरी!

"उद्या सकाळी बीडला दवाखान्यात चला," मी म्हटलं.

"उद्या उतारा हाय. परवा बगू."

"अण्णा, पाय..."

"पाय कुठं पळून चाललाय? उलट हळू झालाय की."

असं बोलले की कुणाला हसू येणार नाही? मला आलं. त्या हसण्याचा मला अजून राग येतो.

भावानं मला गोठ्याकडं बोलावलं. केंद्रवाल्यांनी अकराही जणांच्या घरी जाऊन चहा घेतला होता. ते सगळे सोमवारपासून तिकडं जायच्या बेतात होते. अण्णांनी पारावर उभं राहून सांगितलं होतं, "उद्याचा उतारा बगा, केंद्रावरची चिठ्ठी बगा, आन मग ठरवा." त्यामुळं उद्या भट्टी राहते की विझते, तेच ठरणार होतं.

"आक्का, उद्या लोकांसमोर अण्णाच्या तब्येतीचं एक अक्षर काढू नको," भाऊ म्हणाला. "म्हातारं आजारी हाय म्हनून कळलं की अकराच्या अकरा जातेत."

मी मान हलवली. मला कुणी जबरदस्ती केली नव्हती. मला पण ती भट्टी हवी होती.

सकाळी सहाच्या आधीच लोक किटल्या घेऊन हजर झाले. पहिला नंबर नेहमी वस्तीवरच्या काकूचा. या काकूला तीन म्हशी, नवरा नाही, आणि जीभ अशी की केंद्राचा माणूस तिच्या दारातून चहा अर्धा टाकून परत गेला होता. अण्णा भट्टीसमोर पाटावर बसले. कापसाच्या वाळक्या पऱ्हाट्यांचा जाळ नीट लागला होता. काकूचा उतारा निघाला, भावानं काट्यावर ठेवला, सगळ्यांनी पुढं वाकून पाहिला. काकूनं मान डोलावली.

दुसऱ्याचं दूध उकळी धरत होतं. आमच्या गावात मुक्कामाला असलेली बीडची एसटी सव्वासहाला सुटते, आणि सुटताना ड्रायव्हर तीनदा हॉर्न देतो, कुणी मागं राहिलं असेल तर त्यानं पळत यावं म्हणून. पहिला हॉर्न वाजला आणि अण्णांच्या हातातलं उलथणं निसटून कढईत पडलं. दुसऱ्या हॉर्नला त्यांनी ते डाव्या हातानं उचललं. तिसऱ्या हॉर्नला ते डाव्या हातानं दूध ढवळत होते. उजवा हात मांडीवर पडला होता, दुसऱ्याच कुणाचा आणून ठेवल्यासारखा.

"अण्णा, आज डाव्या हातानं?" काकूनं विचारलं.

"डावा बी माजाच हाय की. शेजाऱ्याचा आनलाय व्हय?"

सगळे हसले. अण्णाही हसले. पण ते हसू त्यांच्या तोंडाच्या एकाच बाजूला आलं, आणि मी ते पाहिलं.

मी लाकडं सारायचं निमित्त करून त्यांच्याजवळ वाकले. "अण्णा, हाताला काय झालं?"

"मुंग्या आल्यात. गप."

"चला ना. एसटी अजून फाट्यावर थांबली असंल."

"पोरी," ते म्हणाले, आणि तोंडात सुपारी धरून बोलावं तसे शब्द आले, "आता उठलो तर समदं मोडतं."

मी घरात पळाले. आईला दाराच्या फटीतून दाखवलं. आईनं पाहिलं, पदर तोंडाला लावला, आणि म्हणाली, "उतारा हुईस्तोवर थांब. नारायनगडाला पाच नारळं बोलते मी." काट्याजवळ उभ्या असलेल्या भावाकडं मी पाहिलं. त्यानं माझ्याकडं पाहिलं, मग अण्णांच्या मांडीवरच्या हाताकडं, मग काट्याकडं. तो नंतर म्हणाला, मला दिसलंच नव्हतं. साफ खोटं. त्याची माझी नजरानजर झाली होती.

आणि मी काय केलं? मी चहा केला. चौदा कप. साखर घातली, आलं किसलं, गाळला, सगळ्यांना नेऊन दिला. आजही मी आलं किसायला घेतलं की माझा हात थांबतो. नवरा विचारतो, काय झालं? मी म्हणते, आलं वाळलंय.

एका उताऱ्याला पाव तास तरी लागतो, कधी जास्त. मी दाराच्या चौकटीला धरून मोजत राहिले. तिसरा झाला. चौथा झाला. देवा, पाचवा होऊ दे. प्रत्येक उताऱ्याला अण्णांची मान थोडी थोडी उजवीकडं कलत होती, पण डावा हात चालू होता. आणि खवा तसाच उतरत होता, ना ओला, ना कोरडा. आठवा ज्याचा होता तो भावाच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला, "आमी कुठं जात न्हाई, बाबा." भावाचा चेहरा फुलला. मलाही, खरं सांगते, क्षणभर आनंद झाला. आपण वाचलो असं वाटलं. पण वाचायचं कोण होतं, तेच आम्ही सगळे विसरलो होतो.

नवव्या उताऱ्याचं वजन चालू असताना नऊच्या सुमाराला अण्णा बसल्या जागी उजवीकडं कलले आणि पऱ्हाट्यांच्या ढिगावर पडले. उलथणं डाव्या मुठीत घट्ट धरलेलं होतं. काकू ओरडली, "आगं माय! अण्णा!" किटल्या लाथेनं उडाल्या, दूध अंगणभर झालं. ज्या लोकांच्या धाकानं आम्ही तीन तास तोंड शिवून बसलो होतो, त्याच लोकांनी अण्णांना उचललं, त्यातल्याच एकानं आपली जीप दारात आणली. उताऱ्याचं नाव कुणी काढलं नाही.

घाट उतरेपर्यंत अण्णांचं डोकं माझ्या मांडीवर होतं. डोळे उघडे. ते माझ्याकडं बघत होते आणि काहीतरी सांगायला जात होते, पण आवाजच नुसता येत होता, शब्द नाही. मी म्हणत होते, बोलू नका, आलंच बीड, आलंच. चौसाळा लागलं, हायवे लागला, पुढं एक कंटेनर आडवा होऊन वळत होता तिथं आम्ही अडकलो. जीप भाऊच चालवत होता, तो हॉर्नवरचा हात काढीना. मी त्या कंटेनरवाल्याला खिडकीतून ज्या शिव्या दिल्या, त्या मला येतात हे मलाच माहीत नव्हतं. पहिल्या दवाखान्यात डोक्याचा फोटो काढायचं मशीन बंद होतं. दुसऱ्यात चालू होतं. तिथं अण्णांना आत घेतलं तेव्हा भिंतीवरच्या घड्याळात पावणेअकरा व्हायला आले होते.

डॉक्टरीणबाई वयानं माझ्याहून लहान असतील. त्या अण्णांवर वाकून मोठ्यानं म्हणाल्या, "आजोबा, हसा बघू. आता दोन्ही हात वर करा."

अण्णांनी डावा हात वर केला. उजवा तसाच राहिला. पण अण्णा बाईंकडं असे बघत होते, की झाले ना दोन्ही वर?

डोक्याचा फोटो झाला. बाई बाहेर आल्या आणि घाईनं बोलल्या. मेंदूत गुठळी अडकली आहे. एक इंजेक्शन आहे, पण ते त्रास सुरू झाल्यापासून साडेचार तासांच्या आतच देता येतं. त्यानंतर दिलं तर मेंदूत रक्तस्राव होऊ शकतो, माणूस जाऊ शकतो. "म्हणून वेळ नक्की सांगा. पाय आधीपासून घसटत होता, ते वेगळं. आज हात, बोलणं, पहिल्यांदा काहीही बिघडलं ते किती वाजता?"

"नऊ वाजता," भाऊ म्हणाला.

मी घड्याळाकडं पाहिलं. सव्वासहा ते पावणेअकरा, झाले साडेचार तास. आता अकरा वाजले होते. पाव तासाचा फरक. एक उतारा निघतो तेवढाच.

भावानं माझं मनगट धरलं. एवढं जोरात, की दुसऱ्या दिवशी तिथं निळं झालं होतं. मी नुसती उभी राहिले असते तरी झालं असतं, मला खोटं बोलायचीसुद्धा गरज नव्हती. इंजेक्शन मिळालं असतं. अण्णांचा हात परत आला असता. किंवा अण्णांच्या डोक्यात रक्त सांडलं असतं आणि ते तिथंच गेले असते, माझ्या गप्प बसण्यानं. सकाळपासून मी गप्पच बसले होते. आयुष्यात कधी मी इतकी भ्याले नाही.

"सव्वासहा," मी म्हटलं. "सव्वासहाला हातातलं उलथणं पडलं. मुक्कामी गाडीचा हॉर्न वाजत होता."

बाईंनी माझ्याकडं पाहिलं. "नक्की?"

"नक्की."

"मग नाही देता येणार," त्या म्हणाल्या, आणि लगेच दुसऱ्या औषधांचं सांगायला आत गेल्या.

भावानं माझं मनगट सोडलं. जिन्याजवळ नेऊन म्हणाला, "कावून बोललीस तू? पाव तास, आक्का. पाव तासासाठी अण्णाचा हात घालवलास."

"आन तू तीन तास काटा धरून उभा हुतास, ते?"

"आन तू च्या करत हुतीस."

एरवी माझं तोंड कधी बंद पडत नाही, माझी सासू साक्षीला आहे. पण तेव्हा मी औषधांच्या खिडकीकडं चालू लागले. त्यानंतर भाऊ माझ्याशी बोलायचाच बंद झाला. दवाखान्यात बारा दिवस आम्ही एकाच बाकड्यावर बसायचो, आणि तो आईला सांगायचा, "तिला म्हनावं, डबा आलाय."

घरी सोडायच्या दिवशी मी त्या डॉक्टरीणबाईंना गाठलं आणि विचारलं, मी नऊ म्हटलं असतं तर? त्यांनी हातातली फाईल मिटली. मग म्हणाल्या, "कदाचित बरे झाले असते. कदाचित आज घरी न्यायला राहिलेच नसते. ताई, हे कुणालाच सांगता येत नाही." त्यांनी खरं तेच सांगितलं, पण मला काय त्याचं! मशीनवर बसले, पायडल सुरू झालं की माझ्या डोक्यात हेच सुरू होतं. सव्वासहा. नऊ. सव्वासहा. कितीतरी ब्लाउजच्या बाह्या मी उलट्या जोडल्या त्या महिन्यांत.

अण्णा वाचले. उजवा हात गेला, उजवा पाय ओढत चालतात, काठी लागते. बोलण्यातले तीन-चार शब्द राहिले. हां. न्हाई. पानी. आणि आईला हाक मारायला एक आवाज, तो फक्त तिलाच कळतो. व्यायाम शिकवणाऱ्यानं सांगितलं होतं तसं आई रोज सकाळी त्यांना खुर्चीत बसवून म्हणते, "करा बगू दोनी हात वर." अण्णा डावा वर करतात. आई उजवा उचलून धरते, दहादा, आणि खाली ठेवते.

अकरापैकी सहाजण केंद्रावर गेले. पाचजण राहिले, काकू त्यांच्यातली. भावानं ताडपत्री काढली, मोटारीची कढई सुरू केली. भाव जुन्याच उताऱ्यावर चालू ठेवला. पण असं किती दिवस चालणार? म्हशी बदलतात, चारा बदलतो, दूध बदलतं. पाच महिने झाल्यावर लोक कुरकुरायला लागले, की उतारा काढा नाहीतर आम्हीपण केंद्रावर जातो. गेलेल्या सहापैकी दोघं-तिघं म्हणे परत यायला तयार होते, पण हात कुणाचा आहे ते बघून.

मग एका सकाळी आईचा फोन आला. मी भिंतीला टेकले.

"भ्यायचं काई न्हाई," ती घाईघाईनं म्हणाली. तिलाही आता कळलं होतं. "भाऊ उताऱ्याला बसनार हाय उद्या. तू ये."

"त्यानं बोलावलंय का?"

"मी बोलावलंय."

मी गेले. जाताना वाटेत तीनदा वाटलं की परत फिरावं.

सगळं तसंच होतं. तोच जाळ, तोच पाट, किटल्या घेऊन उभी असलेली माणसं. फक्त पाटावर भाऊ होता आणि अण्णा त्याच्या मागं खुर्चीत, मांडीवर शाल. मोटारीची कढई बंद करून ठेवली होती, उतारा हातानंच काढायचा म्हणून. काकूचा उतारा निघाला. ती काट्याकडं बघायच्या आधी अण्णांकडं बघत होती. अण्णांनी खव्याकडं पाहिलं आणि म्हणाले, "हां." दुसरा निघाला. "हां." मुक्कामी गाडीचा हॉर्न वाजला, तीनदा, आणि काही झालं नाही. गाडी गेली.

तिसरं दूध आटत आलं होतं. भावानं एकदम उलथणं डाव्या हातात घेतलं आणि उजवा हात झटकला.

मी पाण्यानं भरलेली बादली कधी उचलली ते मला आठवत नाही. सगळी बादली मी भट्टीत ओतली. वाफेचा आणि राखेचा लोट उठला, कढईतल्या दुधात राख पडली, लोक खोकत मागं सरकले. मी किंचाळत होते, "उठ! उठ आधी! दोनी हात वर कर!"

भाऊ माझ्याकडं तोंड उघडं टाकून बघत राहिला.

"वर कर म्हन्ते ना! दोनी! जीप काडा कुनीतरी!"

त्यानं हळूहळू दोन्ही हात वर केले. दोन्ही सारखेच वर गेले. उजव्या तळव्यावर टपोरा फोड आला होता, फुटून लाल झालेला. उलथण्याच्या दांड्याची सवय नव्हती त्याला. हात चुरचुरला म्हणून झटकला होता, बस.

तो पाच महिन्यांत पहिल्यांदा माझ्याकडं नीट बघत होता. हात खाली घ्यायचं त्याला सुचत नव्हतं. आणि मी रडत होते, भोकाड पसरून, सगळ्या गावासमोर, ज्या गावासमोर एक अक्षर काढायचं नाही असं ठरलं होतं.

मागं खुर्ची करकरली. मी वळून पाहिलं. अण्णांनी 'दोनी हात वर कर' ऐकलं होतं. त्यांनी डावा हात वर केला होता आणि सगळ्यांकडं बघत होते. उजवा शालीवर तसाच पडून होता.

भाऊ पाटावरून उठला. उताऱ्याला बसलेल्या माणसानं उठायचं नसतं, पण तो उठला, अण्णांच्या खुर्चीजवळ गेला, त्यांचा उजवा हात मनगटाशी धरून डाव्याच्या बरोबरीनं वर उचलला आणि तसाच धरून ठेवला.

काकूनं नाक पुसलं, किटलीचं झाकण उघडलं आणि मापानं अर्धा लिटर दूध परत मोजायला लागली. "घ्या," ती म्हणाली, "पयल्यापून."

भावानं अण्णांचा हात सावकाश शालीवर ठेवला. मग माझ्याकडं न बघता म्हणाला, "आक्का, पऱ्हाट्या भिजल्यात. गोठ्यातून कोरड्या आन."